मी तिच्यावर कधी हात उचलला नाही

"सिलेक्टिव्ह म्युटिझम," डॉक्टर म्हणाले आणि रेवाच्या फायलीवर त्यांनी ते दोन शब्द लिहिले.

मग त्यांनी सोपं करून सांगितलं. मुलाला बोलता येतं. घरी ते भरपूर बोलतं. पण ठरावीक ठिकाणी, ठरावीक माणसांसमोर त्याचा आवाजच फुटत नाही. भीतीनं घसा आवळला जातो. "शाळेत ती बोलत नाही, असं म्हणू नका. शाळेत तिला बोलता येत नाही. हा हट्ट नाही."

रेवा, माझी सात वर्षांची मुलगी, शेजारच्या खुर्चीत बसून बुटाचा पट्टा उघडत होती, लावत होती. त्याआधीच्या महिन्यात आम्ही कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो होतो. ऑडिओमेट्री झाली होती, म्हणजे कानाला हेडफोन लावून करतात ती ऐकू येण्याची तपासणी. घसा, जीभ, टाळू, सगळं नीट होतं. शेवटी त्यांनीच आम्हाला या बालमानसोपचार तज्ज्ञांकडे पाठवलं होतं.

"घरी मारता का कधी?" डॉक्टरांनी विचारलं.

या प्रश्नाची मी वाटच बघत होते. "अजिबात नाही," मी म्हटलं. "आम्ही तिला आजवर एक चापटसुद्धा मारलेली नाही." हे मी ज्या ताठ मानेनं सांगितलं ते आठवलं की आजही मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

"मग चुकली तर काय करता?"

"काही नाही. मी तिच्याशी बोलत नाही फक्त."

डॉक्टरांचं पेन थांबलं. "किती वेळ?"

"कधी तासभर. कधी संध्याकाळपर्यंत."

माझे यजमान, संदीप, माझ्याकडे बघत होते. ते मला दिसत होतं, पण मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. कारण मी खोटं बोलत होते. दोनच महिन्यांपूर्वी मी रेवाशी सलग चार दिवस बोलले नव्हते.

हे मी लिहितेय ते माझ्यासारख्या आयांसाठी, आणि बापांसाठीही. मारणाऱ्यांना निदान आपण मारतो हे माहीत असतं. माझ्यासारख्यांना वाटत राहतं की आपण फार संयमानं वागतोय.

मी पैठण रस्त्यावरच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. आम्ही शहरात, सिडको भागात राहतो, तिथून रोज स्कूटीवर जाऊन येऊन करते. शाळेत माझी ओळख शांत बाई म्हणून आहे. मुलं दंगा करायला लागली की मी नुसती गप्प होऊन उभी राहते आणि पाच मिनिटांत वर्ग चिडीचूप होतो. याचं मुख्याध्यापकांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं होतं. घरीही मी तेच करत होते, एवढंच.

रेवाचं दुखणं पहिल्यांदा कळलं ते तिच्या वर्गशिक्षिकेच्या फोनमुळं. शाळा सुरू होऊन दीड महिना झाला होता आणि तिनं वर्गात एक शब्द उच्चारलेला नव्हता. हजेरीला हात वर करायची. त्या दिवशी तिला लघवीला जायचं होतं, ते विचारता आलं नाही. युनिफॉर्म ओला झाला. मुलं हसली.

मी तिला घ्यायला गेले तेव्हा ती शाळेच्या गेटपाशी दप्तर पुढं धरून उभी होती. माझ्या डोक्यात तेव्हा काय आलं, ते लिहायला हात धजत नाही, पण लिहिते. मला वाटलं, एका शिक्षिकेची मुलगी असून हिनं माझी लाज काढली. एवढं साधं तोंड उघडून विचारता येत नाही?

आणि शाळेत न बोलल्याची शिक्षा म्हणून मी घरी तिच्याशी बोलणं बंद केलं. तेच ते चार दिवस.

त्या चार दिवसांत ती माझ्या मागं मागं फिरायची. न सांगता पाण्याचा ग्लास आणून द्यायची. खुर्चीवर टाकलेल्या माझ्या ओढणीची घडी घालून ठेवायची. गृहपाठ आधीच करून वही माझ्यासमोर उघडी धरायची. मी मनात म्हणायचे, बरं झालं, वळण लागतंय.

डॉक्टरांनी औषध दिलं नाही. त्यांनी आर्ट थेरपी सुचवली, म्हणजे चित्रं काढता काढता केलेला मानसिक उपचार. ज्या मुलाला बोलता येत नाही त्याच्या हातात खडू द्यायचा आणि त्याच्यासोबत बसायचं. चित्र चांगलं की वाईट हा प्रश्न तिथं नसतो. आणि एक गैरसमज मी आधीच दूर करते. पत्रिका बघतात तसं चित्र बघून कुणी भविष्य किंवा दोष सांगत नाही. काळा रंग वापरला म्हणजे मूल दुःखी, असलं काही तिथं झालं नाही.

जालना रोडवरच्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर ते केंद्र होतं. दर शनिवारी दुपारी. बाहेर मोठी पाटी, त्यावर 'मानसोपचार' असं ठळक लिहिलेलं. उन्हासाठी आमच्याकडं सगळ्याच बायका गाडीवर तोंडाला स्कार्फ बांधतात. तो स्कार्फ मी जिना चढून वर जाईपर्यंत सोडत नव्हते. एकदा वेटिंगमध्ये माझ्या शाळेतल्या एका मुलाचे वडील दिसले. ते त्यांच्या पुतण्याला घेऊन आले होते. त्यांनी सरळ हात जोडले, "नमस्कार मॅडम." आणि मी म्हटलं, "इथं खाली टॉन्सिलच्या डॉक्टरांकडं आलो होतो." रेवानं मान वर करून माझ्याकडं पाहिलं. शाळेत रजेच्या अर्जातही मी टॉन्सिलच लिहीत होते.

थेरपिस्टचं नाव कल्पना मॅडम. पन्नाशीच्या, सुती साडी, हाताची नखं कायम रंगानं माखलेली. सुरुवातीला त्या रेवाला काही विचारायच्याच नाहीत. स्वतः एक कागद घेऊन तिच्याशेजारी जमिनीवर बसायच्या आणि काहीतरी गिरवत राहायच्या. पहिले तीन शनिवार रेवानं नुसत्या रेघा ओढल्या. मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून घड्याळ बघायचे. रेघा ओढायला इतक्या लांब कशाला यायचं, असं मी संदीपला म्हटलंही.

चौथ्या वेळी रेवानं घर काढलं. मग पुढच्या प्रत्येक वेळी घरच. ओटा, फ्रिज, गॅलरीतली तुळस, सोफ्यावर चष्मा आणि मिशा असलेले बाबा. आणि आई. लांब वेणी, जांभळा पंजाबी ड्रेस. प्रत्येक चित्रात आई पाठमोरी.

"तिला बायकांचे चेहरे जमत नाहीत अजून," मी म्हटलं.

कल्पना मॅडमनी रेवाचंच आधीचं एक चित्र काढून माझ्यासमोर ठेवलं. त्यात घराच्या दारात रेवाची शेजारची मैत्रीण होती, त्या मैत्रिणीची आजी होती, आणि कल्पना मॅडम स्वतः होत्या. सगळ्यांना डोळे, नाक, ओठ. मॅडमच्या कपाळावर तर टिकलीसुद्धा नीट मध्यभागी होती.

मग त्या रेवाकडं वळल्या. "ही आई उभी आहे ना, तिच्या मागं कुणी आहे का?"

रेवानं पेन्सिल घेतली आणि आईच्या पाठीमागं एक मुलगी काढली. मुलीच्या हातात ग्लास काढला. मग खोडरबरानं खोडून त्या हातात वही काढली. मग तीही खोडली आणि घडी घातलेलं एक कापड काढलं. एवढ्याशा जागेत खोडून खोडून कागद विरला. शेवटी तिनं मुलीच्या हातात काहीच ठेवलं नाही. नुसते दोन हात पुढं केलेले.

मी उठून बाथरूममध्ये गेले आणि नळ सोडून उभी राहिले.

त्या दिवशी रेवा बाहेर खेळत असताना मॅडमनी मला अटॅचमेंट म्हणजे काय ते सांगितलं. लहान मुलाचं आपल्या माणसाशी जे नातं बांधलं जातं ते. मूल त्या माणसाला सोडून लांब जातं, जग बघतं, घाबरलं की परत येऊन बिलगतं, परत जातं. ते माणूस जागेवर आहे, या भरवशावर ते बाहेर पाऊल टाकतं. "आई चिडली, ओरडली तर मूल घाबरतं," त्या म्हणाल्या. "पण आई समोर असून नाहीशी झाली, तर ते फार जास्त घाबरतं. कारण मग कुणाकडं पळायचं हेच त्याला कळत नाही. तुमची मुलगी सगळा वेळ एकाच विचारात असते. माझ्या तोंडून काही चुकीचं गेलं तर?"

नंतर त्यांनी विचारलं, "तुमच्याशी असं कुणी वागायचं का?"

"नाही," मी म्हटलं. "आमच्याकडं सगळे फार चांगले होते."

त्यांनी मला एकटीला यायला सांगितलं. मी हसण्यावारी नेलं. पुढचे दोन शनिवार परीक्षेच्या पेपरांचं कारण सांगून मी गेलेच नाही. संदीप शिफ्ट बदलून घेऊन रेवाला नेऊन आणत होते. ते वाळूजला एका कंपनीत आहेत, एकूण कमी बोलतात. दुसऱ्या शनिवारी परत आल्यावर त्यांनी रेवाला शेजारी पाठवलं आणि दार लोटून घेतलं.

"ते चार दिवस होते, वैशाली. डॉक्टरांना संध्याकाळपर्यंत का सांगितलंस?"

मी काहीच बोलले नाही.

"आता माझ्याशीपण बंद का?" ते म्हणाले. मग त्यांचा आवाज उतरला. "चूक माझीपण आहे. मी बघत होतो. तुझा राग माझ्याकडं वळायला नको म्हणून गप्प बसायचो. लेकरू तुझ्या मागं ग्लास घेऊन फिरायचं आणि मी टीव्ही बघायचो."

त्यानंतर मी गेले.

कल्पना मॅडमनी मला कागद दिला आणि सांगितलं, "तुम्ही सात वर्षांच्या असताना घरी जेवण कसं व्हायचं, ते काढा." मी पट्टी मागितली. मला सगळं सरळ रेषेत लागतं. त्या म्हणाल्या, "पट्टीशिवाय काढा."

मी खुलताबादजवळच्या शेतातलं आमचं घर काढलं. पुढं पेरूची झाडं. आत चूल, चुलीपाशी काकू. ओळीनं बसलेले काका, बाबा, चार चुलत भावंडं. प्रत्येकापुढं एक ताट. आणि एक ताट मी उंबऱ्यापाशी काढलं, बाकीच्यांपासून लांब, भिंतीकडं तोंड करून. ते मी ठरवून काढलेलं नव्हतं. हातानं काढलं आणि मी बघत बसले.

"हे कुणाचं?" मॅडमनी विचारलं.

"माझं," मी म्हटलं, आणि मग सगळं आठवायला लागलं. आठवायला लागलं हेही खरं नाही. मी ते विसरले कधीच नव्हते, फक्त त्याला कधी काही नाव दिलं नव्हतं.

मी सहा वर्षांची असताना एका सकाळी उठले तर आई नव्हती. तिला टीबी झाला होता आणि तिला पैठणला तिच्या माहेरी पाठवलं होतं. हे मला कुणीही सांगितलं नाही. मी विचारत राहिले, आई कुठं गेली, आई कधी येणार. पहिल्यांदा सगळे म्हणाले, येईल. मग काकू वैतागली. तिच्यावर स्वतःची चार पोरं, त्यात मी, वर शेतातलं काम. ती म्हणाली, "ह्या पोरीशी कुणी बोलायचं नाय. दोन दिस कुणी बोललं नाय की येती बरोबर ताळ्यावर."

काकूनं मला कधी मारलं नाही. जेवायला पोटभर दिलं. पण आईचं नाव काढलं की घरात माझ्याशी बोलणं बंद व्हायचं. भावंडं पुढून निघून जायची. मी आरडाओरडा केला, रडले, लोळले. मग काकूची भांडी घासून ठेवायला लागले. तिला पाणी नेऊन द्यायला लागले.

हे वाक्य बोलले आणि मी थांबले. रेवानं काढून खोडलेला तो ग्लास आम्हा दोघींनाही दिसत होता.

पण सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट पुढं आहे. वर्षभरानंतर आई बरी होऊन परत आली. खूप वाळलेली होती. अंगणात तिनं माझ्यासाठी हात पुढं केले आणि मी तिच्याशी बोलले नाही. कितीतरी दिवस बोलले नाही. ती रडायची, मला खाऊ द्यायची, वेणी घालायला बोलवायची. आणि मला आतून छान वाटायचं. पहिल्यांदा माझ्या हातात काहीतरी होतं. आपण तोंड बंद केलं की समोरचं माणूस आपल्या मागं फिरतं, हे मी तिथं शिकले. काकूनं मला ते भोगायला लावलं हे खरं, पण त्याची चव मीच घेतली होती. मोठेपणी मी ते संदीपवर केलं, नणंदेवर केलं, आणि मग माझ्या लेकीवर.

मला वाटलं, आता मॅडमच्या चेहऱ्यावर किळस दिसेल. त्यांनी फक्त विचारलं, "हे चित्र घरी न्यायचंय की इथं ठेवायचंय?"

मी ते पैठणला नेलं. आई आता तिथं, नंतर झालेल्या माझ्या धाकट्या भावाकडं असते. भाऊ कामावर गेला होता. मी चित्र तिच्या मांडीवर ठेवलं आणि विचारलं, "जाताना मला सांगून का गेली नाहीस?"

तिनं चष्मा लावून बराच वेळ चित्र बघितलं. "काय सांगणार, बाई? लई खोकला व्हता. पोरीला जवळ घेऊ नका म्हनले डॉक्टर. तू झोपेत व्हतीस. उठवलं असतं तर माझा पाय निघाला नसता."

"आणि परत आलीस तेव्हा? मी बोलत नव्हते तर ओरडली का नाहीस माझ्यावर?"

"कोन्त्या तोंडानं वरडू?" आई म्हणाली. "मी म्हनलं, बरोबर हाय पोरीचं. टाकून गेले मी. माझ्याशी नाय बोलली तरी चालंल." उंबऱ्यापाशी काढलेल्या ताटावर तिनं बोट ठेवलं. "हे मला कुनी सांगितलं नाय गं."

पस्तीस वर्षं ती आणि मी त्याच एका गोष्टीसाठी आपापल्या जागी स्वतःलाच गुन्हेगार समजत होतो. मी तिच्या कुशीत डोकं घातलं. मी तिच्याशी जशी वागले होते त्याची माफी मागितली. ती म्हणत राहिली, "येडी हायेस का? लेकरू व्हतीस."

रेवाची माफी मागणं याहून अवघड होतं. कल्पना मॅडमनी बजावलं होतं: छोटी वाक्यं बोला. कारणं सांगू नका. आणि तिच्यापुढं रडू नका, नाहीतर तीच तुमचे डोळे पुसत बसेल.

एका रविवारी सकाळी गॅलरीत बसून मी तिला सांगितलं. "मला राग आला की मी तुझ्याशी बोलणं बंद करायचे. ते चूक होतं. त्यात तुझी काहीच चूक नव्हती."

ती गॅलरीच्या गजाला लोंबकळत होती. "परत करशील?"

'कधीच नाही' हे शब्द ओठांवर आले होते. पण जमेल तेवढंच बोला, असंही मॅडम म्हणाल्या होत्या. "राग येईल," मी म्हटलं. "तेव्हा मी तुला सांगेन, मला राग आलाय, दहा मिनिटांनी बोलते. आणि दहा मिनिटांनी मी स्वतः येईन. तू काही आणून द्यायचं नाही."

"पाणीपण नाही?"

"पाणीपण नाही."

मी हे नेहमी पाळलं असं समजू नका. एकदा घराच्या साफसफाईत तिच्या हातून सासूबाईंची बरणी फुटली आणि माझं तोंड आपोआप मिटलं. तास उलटून गेला. तिनं ओढणीची घडी माझ्याशेजारी आणून ठेवली तेव्हा मी भानावर आले. मी तिला म्हटलं, "दहा मिनिटं होऊन गेली. मी चुकले." तिनं घड्याळाकडं बघून सांगितलं, "लई झाली."

शाळेतही एका रात्रीत काही बदललं नाही. वर्गशिक्षिकेनं तिला सगळ्यांसमोर विचारणं थांबवलं, आणि लघवीला जायचं असेल तर बाकावर ठेवायला एक लाल कार्ड दिलं. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. मीही माझ्या मुख्याध्यापकांना टॉन्सिलमागचं खरं कारण सांगितलं. माझ्या वर्गात मागच्या बाकावर एक मुलगी आहे, जिला मी चार महिने 'घुमी' म्हणत होते. तिच्यासाठी मी स्वतः लाल कार्ड बनवलं. ते देताना माझी मान वर होत नव्हती.

सहा महिन्यांनी रेवा बाकावरच्या मैत्रिणीच्या कानात बोलायला लागली. मग बाईंच्या कानात. दुकानात, रिक्षात, परक्या माणसांसमोर मात्र तोंड बंदच.

परवा आम्ही गुलमंडीवर तिच्यासाठी चपला घ्यायला गेलो होतो. दुकानात गर्दी. तिला निळ्या हव्या होत्या, मी टिकाऊ म्हणून तपकिरी बांधायला सांगितल्या. पिशवी हातात घेतली आणि मागून आवाज आला.

"आई! मला तुझा राग आलाय!"

सगळं दुकान वळून बघायला लागलं. माझ्याच शाळेतल्या एक बाई काउंटरपाशी उभ्या होत्या, त्यांनीही पाहिलं. माझे कान तापले. क्षणभर मला जुन्या सवयीनं चेहरा दगडासारखा करून बाहेर चालायला लागावंसं वाटलं. मग मी पिशवी खाली ठेवली आणि तिच्यासमोर उकिडवी बसले.

"सांग. ऐकतेय मी."

ती बोलली. निळ्या चपलांबद्दल, मी विचारते आणि मग ऐकत नाही याबद्दल, मागच्या वेळच्या दप्तराबद्दल, शेजारच्या मैत्रिणीच्या आईबद्दल. मोठ्यानं, हात नाचवत, श्वास घ्यायलाही न थांबता. दुकानदार हातातलं खोकं तसंच धरून ऐकत होता.

"बाई," तो हसून म्हणाला, "लई बोलकी हाय पोरगी तुमची."

"व्हय," मी म्हटलं. "निळ्या द्या."